नवजात मुलाच्या लघवीची धार पाहणे का गरजेचे?

दुपटे ओले झाले की बाळंतिणीच्या खोलीतील मंडळी निश्चिंत होतात. बाळाला लघवी होते आहे, म्हणजे सर्व ठीक आहे, असा समज असतो. मुलाच्या बाबतीत मात्र एवढे पुरेसे नाही. मूत्रमार्गात जन्मतः अडथळा असलेल्या बाळाचेही दुपटे ओले होतेच, कारण तुडुंब भरलेल्या मूत्राशयातून लघवी थेंब थेंब झिरपत राहते. डायपरमुळे तर धार कोणाच्या दृष्टीसच पडत नाही.

या अडथळ्याचे सर्वांत गंभीर कारण म्हणजे 'पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह'. मुलग्यांच्या मूत्रमार्गाच्या सुरुवातीच्या भागात पातळ पडद्यासारखी झडप तयार होते आणि लघवी अडते. साधारणतः पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकात हा दोष आढळतो. बाल्टिमोरचे शल्यविशारद ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९ मध्ये त्याचे वर्गीकरण केले. अडलेल्या लघवीचा दाब उलट दिशेने वाढतो. मूत्राशयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडे फुगतात आणि त्यांची हानी गर्भातच सुरू होते. गर्भजल कमी पडल्यास फुप्फुसांची वाढही खुंटते.

गरोदरपणी १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडाची सूज अनेकदा दिसते. लिंगनिदानास कायद्याने बंदी असल्याने 'हा मुलांतील दोष असावा' असे डॉक्टर सांगू शकत नाहीत. 'मूत्रपिंडाला सूज आहे, जन्मानंतर तपासणी करा' एवढेच सांगितले जाते. हे वाक्य अनेक कुटुंबांत बारशाच्या गडबडीत विसरले जाते, आणि तेथेच घात होतो.

जन्मानंतर प्रथम नळी घालून मूत्राशय मोकळे केले जाते. रक्तातील क्रिएटिनीन व क्षार तपासून बाळ स्थिर झाल्यावर, मूत्रमार्गात औषध सोडून क्ष-किरण चित्रे घेतात आणि दुर्बिणीद्वारे झडप छेदतात. शस्त्रक्रिया छोटी असली तरी उपचार तेथे संपत नाहीत. पाचपैकी एक किंवा त्याहून अधिक मुलांची मूत्रपिंडे पुढे, कधी ऐन पौगंडावस्थेत, निकामी होतात. म्हणून रक्तदाब व क्रिएटिनीनची तपासणी वर्षानुवर्षे करावी लागते.

याहून कितीतरी अधिक आढळणारा दोष म्हणजे हायपोस्पॅडियास. यात लघवीचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूस असते. पुढची त्वचा अपुरी दिसल्याने 'जन्मतःच सुंता झाली' असे मानणारी कुटुंबेही आहेत. अशा बाळाची सुंता करू नये. शस्त्रक्रियेत हीच त्वचा उपयोगी पडते. ती साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करणे श्रेयस्कर.

नांदेडच्या विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. प्राथमिक तपासणीसाठी तेथे जाता येते. किनवटहून नांदेड गाठायलाच शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास, आणि पुढील उपचारांसाठी मुंबई किंवा हैदराबादला जाण्याची वेळ आली तर खर्चाचा प्रश्न उभा राहतो. आजच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे मूळ असलेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. लातूरला ती २०१३ मध्ये पोहोचली. बालशल्यचिकित्सा या योजनेत समाविष्ट आहे. रुग्णालयात जाताना शिधापत्रिका व सोनोग्राफीचे जुने अहवाल बरोबर न्यावेत. लघवीच्या धारेचे मोबाइलवर केलेले चित्रीकरणही डॉक्टरांना उपयोगी पडते.