नीरा-भीमेच्या दुआबातील मासळी

पुणे जिल्ह्यातील भवानीनगरचा परिसर नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. दक्षिणेकडून नीरा, उत्तरेकडून भीमा, मधून बारामतीजवळ कऱ्हा. नीरा-भीमेचा संगम इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे होतो. पर्जन्यछायेतला हा मुलूख पिढ्यानपिढ्या दुष्काळासाठी ओळखला गेला. आज त्याच मुलखात भिगवणला गोड्या पाण्यातील मासळीची मोठी बाजारपेठ भरते, पुणे-सोलापूर रस्त्यावरची हॉटेले मासळीच्या थाळीवर चालतात आणि डाळिंबाच्या बागांशेजारच्या शेततळ्यांत मासे वाढतात. मासळी डोळ्यांसमोर ठेवून हा बदल कोणी घडवला नाही. पाणी आले ते दुष्काळ निवारण्यासाठी, उसासाठी आणि खालच्या जिल्ह्यांच्या सिंचनासाठी. मासळी त्या पाण्यामागून आली, आणि मासळीचे शास्त्र तिच्याही मागून.

कालव्यापूर्वीच्या काळात मासेमारी नदीच्या डोहांपुरती होती. पावसाळ्यात दुथडी वाहणारी भीमा उन्हाळ्यात तुटत जाई आणि डोह तेवढे भरलेले राहत. भोई आणि कोळी समाजातील कुटुंबे पाग, गळ आणि हाताने विणलेली जाळी घेऊन त्या डोहांवर जगत. बाजार म्हणजे जवळपासची गावे. या मासळीची पहिली शास्त्रीय नोंद विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने केली. मुंबई सरकारसाठी सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर तो 1820 च्या दशकात दख्खनभर फिरला आणि भीमा, मुळा-मुठा व त्यांच्या उपनद्यांतील मासे त्याने तपासले. दख्खनच्या माशांवरील त्याचे लेखन 1839 च्या सुमारास लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. अनेक नव्या जातींना त्याने मासेमारांच्या तोंडची नावे दिली. त्यामुळे खुद्री, कोळूस, नुक्ता, मुल्या ही भीमेच्या खोऱ्यातील नावे आजही जगभरच्या मत्स्यसूचींत शास्त्रीय नावांचा भाग म्हणून नांदतात. ज्यांच्याकडून ती घेतली, त्या माणसांची नावे मात्र कुठेच लिहिली गेली नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दुष्काळांनी सरकारला पाणी अडवायला भाग पाडले. शिर्सुफळ आणि भादलवाडीचे तलाव याच काळातले. भाटघरला वेळवंडी नदीवर धरण आणि वीरजवळ बंधारा बांधून नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला. तो बारामती तालुका ओलांडून इंदापूरपर्यंत गेला. भाटघरचे नवे, मोठे धरण 1920 च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाल्यावर पाणी वाढले आणि कालव्याखालची जमीन उसाकडे वळली. वालचंदनगरचा खासगी कारखाना 1930 च्या दशकात उभा राहिला. 1950 च्या दशकात सहकाराची लाट आली आणि भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना निघाला. भवानीनगर हे गाव म्हणून नावारूपाला आले ते या कारखान्यामुळेच.

या साऱ्या काळात मासळी हा कुणाच्याही हिशेबातला विषय नव्हता. कालव्याचे आवर्तन थांबले की खोलगट जागी साचलेल्या पाण्यात मासे अडकत आणि आसपासची मुले-माणसे ते धरत, एवढाच या पाण्याचा मासळीशी संबंध. कालव्याने आणखी एक गोष्ट दिली, तीही नकोशी. सतत पाणी मुरल्याने सखल काळी जमीन पाणथळ आणि खारवट होऊ लागली. पीक न येणाऱ्या अशा जमिनीवर तळी खोदून मासे वाढवता येतात, हा विचार पुढे यायला अनेक दशके जावी लागली.

पुणे शहरात दरम्यान माशांची मोजदाद सुरू झाली होती. ए. जी. एल. फ्रेझर यांनी 1942 मध्ये पुण्याच्या माशांवर लिहिले. त्याच वर्षी सुंदरलाल होरा आणि मिश्रा यांनी त्यात भर घातली, तर 1944 मध्ये सटर यांनी आणखी जातींची नोंद केली. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातून तोनापी आणि लीला मुल्हेरकर यांची यादी 1963 मध्ये आली. पुढे 2003 मध्ये वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेचे मासे पुन्हा तपासले, तेव्हा पूर्वी सहज मिळणाऱ्या अनेक जाती दुर्मिळ झाल्या होत्या. या सगळ्या याद्या एकाच खोऱ्याच्या आहेत आणि एकमेकींशेजारी ठेवून वाचता येतात. महाराष्ट्रातल्या फार थोड्या नद्यांना हे भाग्य लाभले आहे.

मासे मोजणे आणि मासे वाढवणे या दोन वेगळ्या वाटा होत्या. कटला, रोहू, मृगळ हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. ते साचलेल्या पाण्यात वाढतात, पण त्यात अंडी घालत नाहीत. त्यामुळे त्यांचे बीज पुरात नदीतून गोळा करावे लागे आणि दूरवरून आणावे लागे. ओडिशातील अंगुल येथे 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना प्रजननासाठी उद्युक्त केले. देशातल्या तळ्यांतील मत्स्यशेतीचा खरा पाया या प्रयोगाने घातला. राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन 10 जुलैला पाळला जातो तो यामुळेच. यानंतर मत्स्यजिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली, बोटुकली हे वाढीचे टप्पे मत्स्य खात्याच्या कागदांतून शेतकऱ्यांच्या बोलण्यात उतरले. भीमेच्याच खोऱ्यात, लोणावळ्याजवळ वळवण येथे, टाटा वीज कंपनीने 1970 च्या दशकात खुद्रीसारख्या महसीर माशांचे प्रजनन सुरू केले. राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले सी. व्ही. कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा होता.

या प्रदेशाचे चित्र खऱ्या अर्थाने पालटले ते उजनीने. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले हे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याचा फुगवटा माढा, करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंड अशा तालुक्यांत पसरला. नदीकाठची गावे, मळीच्या जमिनी, पळसदेवचे जुने मंदिर पाण्याखाली गेले. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, आणि त्यातला 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा. सिंचनाच्या भाषेत हा भाग निरुपयोगी. मासळीच्या दृष्टीने मात्र तोच धरणाचा प्राण ठरला. अनेक जलाशय उन्हाळ्यात कोरडे पडतात आणि मासळी संपते. उजनीत कालवे थांबले तरी खोल पाणी उरते, प्रजननक्षम मासे वाचतात आणि पावसाळ्यात पुन्हा पसरतात. पातळी मृतसाठ्यात उतरून साठा उणे साठ टक्क्यांजवळ पोहोचला तो 2024 चा उन्हाळाही या जलाशयातील मासळी पूर्ण संपवू शकला नाही.

धरणग्रस्तांपैकी काहींनी होडी आणि तंगूस जाळे हाती घेतले, नदीवरचे भोई तलावावर आले, आणि जमीन गमावलेल्या गावांत नवा धंदा रुजला. रेल्वे आणि महामार्ग दोन्ही जवळ असल्याने भिगवणला मासळीचा बाजार वाढला. इंदापूर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या छत्राखाली तिथे लिलाव होतात. सोडलेल्या बीजातून वाढलेले कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस, आपोआप टिकून राहिलेले मरळ, वाम, शिंगटा, शिवाय झिंगे असा माल येतो. पाहुण्या पक्ष्यांमुळे जलाशयाकाठच्या कुंभारगाव आणि डिकसळची ख्याती झाली. रोहितपक्षी पाहायला आलेले लोक होड्यांत बसतात, त्या होड्या मासेमारांच्याच आहेत.

उजनीच्या मासळीचा इतिहास लिहिताना चिलापीला (तिलापिया) वगळता येत नाही. आफ्रिकेतला हा मासा भारतात 1952 मध्ये आणला गेला. स्थानिक माशांना तो बाधतो हे लक्षात येऊन 1959 मध्येच त्याच्या प्रसारावर निर्बंध घातले गेले, तरी तो पसरला. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. या पाण्यात शेवाळ माजते, जलपर्णी फोफावते, आणि नाजूक जाती हटतात तिथे चिलापी तगतो. गरिबांच्या ताटात स्वस्त मासळी पोहोचली ती त्याच्यामुळे, हेही खरे. पण त्याच्या वजनाने भरलेला बाजार पाहून जलाशय निरोगी आहे असे समजणे चूक आहे. आफ्रिकन मांगूरची गोष्ट याहून वाईट. केंद्र सरकारने 2000 मध्ये बंदी घातल्यावरही भीमाकाठच्या तळ्यांत तो चोरून वाढवला गेला आणि प्रशासनाला ती तळी नष्ट करावी लागली. याला जोड मिळाली वडाप जाळ्याची. बारीक आसाच्या या ओढजाळ्यात बोटुकलीच्या आकाराचे मासेही सुटत नाहीत. बंदी असूनही ते चालते आणि सोडलेले बीज मोठे होण्याआधीच पाण्याबाहेर येते. उजनीचे सर्वांत मोठे नुकसान या दोन गोष्टींनी केले आहे : वरून येणारे सांडपाणी आणि आतले वडाप.

मत्स्यव्यवसायाचे उच्च शिक्षण या पाण्यापासून कायम दूर राहिले. मुंबईत 1961 मध्ये केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली. 1989 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशातले पहिले मत्स्य महाविद्यालय 1969 मध्ये मंगळूरला निघाले. महाराष्ट्रात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये रत्नागिरीजवळ शिरगावला महाविद्यालय सुरू केले. नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ 2000 मध्ये स्थापन झाल्यावर नागपूर आणि उदगीर येथे महाविद्यालये आली. समुद्रकिनारा, विदर्भ, मराठवाडा. भीमेचे खोरे मात्र या नकाशात नाही. म्हणून इथल्या विद्यार्थ्याची माशांशी पहिली ओळख होते ती प्राणिशास्त्राच्या वर्गात. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 चे. त्यानंतर इंदापूर आणि परिसरात महाविद्यालये वाढली. उजनीचे पाणी, प्लवक आणि मासे यांवरचे बरेचसे संशोधन अशाच महाविद्यालयांतील शिक्षक-विद्यार्थ्यांनी मर्यादित साधनांत केले आहे. बारामतीजवळच्या शारदानगर येथील कृषी विज्ञान केंद्राने 1992 पासून शेती आणि जोडधंद्यांच्या प्रशिक्षणाची सोय केली. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे 2009 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आली आणि चित्र थोडे बदलले. उष्णता, जड धातू, कमी प्राणवायू यांचा पंगस माशावर होणारा परिणाम आणि त्यावर आहारातून करता येणारे उपाय, यांवर तिथे संशोधन झाले आहे. सांडपाण्याच्या आणि तापत्या उन्हाळ्याच्या या मुलखाला नेमका हवा असलेला हा अभ्यास आहे.

मत्स्यविज्ञानाची पदवी चार वर्षांची असते आणि शेवटच्या वर्षात विद्यार्थ्यांना गावात, तळ्यावर, बीज केंद्रावर प्रत्यक्ष काम करावे लागते. विद्यार्थ्यांची मंडळे 10 जुलैचा मत्स्यशेतकरी दिन आणि 21 नोव्हेंबरचा जागतिक मत्स्य दिन साजरा करतात, शोभिवंत माशांची प्रदर्शने भरवतात, पाण्याचा सामू, विरघळलेला प्राणवायू आणि अमोनिया तपासून देतात. या प्रदेशात अशा कामाला सर्वाधिक वाव शेततळ्यांत आहे. फळबागांसाठी खोदलेल्या प्लास्टिक अस्तराच्या तळ्यांत मातीचा तळ नसल्याने नैसर्गिक खाद्य कमी तयार होते, उन्हाळ्यात बागेसाठी पाणी उपसले जाते आणि उरलेल्या उथळ पाण्यात पहाटे प्राणवायू घटून मासे मरतात. बीज किती सोडायचे, खाद्य किती द्यायचे आणि पाणी आटण्याआधी कधी काढायचे, ही गणिते शेतकऱ्याच्या तळ्यावर बसूनच सुटतात. भिगवणच्या लिलावात येणाऱ्या माशांची जात, लांबी आणि वजन वर्षभर नोंदवणे हे काम तर कुठल्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातले आहे, आणि वडापबंदीचा परिणाम मोजण्याचा त्याहून चांगला मार्ग नाही.

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज आणि विमा या बाबतींत मत्स्यशेतकऱ्याला शेतकऱ्याप्रमाणे सवलती मिळण्याचा मार्ग त्याने मोकळा केला.