६/८ म्हणजे ३/४ नव्हे

पाश्चात्त्य स्वरलिपी पाहून एखादा हुशार विद्यार्थी विचारतो, "सर, ६/८ चे संक्षिप्त रूप ३/४ ना? मग दोन वेगळे ताल कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण हे अपूर्णांक नाहीत. दोन्हींत सहा अष्टमांश स्वर मावतात, हे खरे. टाळी देऊन पाहा. ३/४ मध्ये तीन टाळ्या पडतात, प्रत्येक टाळीचे दोन भाग. ६/८ मध्ये टाळ्या दोनच, प्रत्येकीचे तीन भाग. पहिल्याला 'साधा' ताल म्हणतात, दुसऱ्याला 'संयुक्त'.

पण तीन भागांची टाळी संयुक्त का? ऐकायला ती अवघड नाही; पाळण्याच्या झोक्याची लय तीच.

तेराव्या शतकात तर मामला उलटा होता. कोलोनचा फ्रँको तीन भागांच्या स्वराला 'पूर्ण' म्हणे आणि दोन भागांच्या स्वराला 'अपूर्ण'. कारण संगीतातले नव्हते: ख्रिस्ती त्रैक्यामुळे तीन हा आकडा पूर्ण! १३२० च्या सुमारास फिलिप द व्हित्री आणि त्याच्या समकालीनांनी दोनलाही बरोबरीचे स्थान दिले. ब्रेव्ह या स्वराचे सेमीब्रेव्ह तीन किंवा दोन, सेमीब्रेव्हचे मिनिमही तीन किंवा दोन. म्हणजे एकूण चार प्रकार. पुढे त्यांच्या खुणा रूढ झाल्या. ब्रेव्हचे तीन भाग असतील तर पूर्ण वर्तुळ, दोन असतील तर तुटलेले. सेमीब्रेव्हचे तीन असतील तर आत टिंब. तुटलेले वर्तुळ आणि आत टिंब, हा आजच्या ६/८ चा पूर्वज. (४/४ साठी आजही काढतात ते इंग्रजी 'सी'सारखे चिन्ह 'कॉमन'चे आद्याक्षर नव्हे, तेच तुटलेले वर्तुळ आहे.) चर्चला हे स्वरांचे तुकडे रुचले नाहीत. पोप बाविसावा जॉन याने १३२४-२५ मध्ये त्याविरुद्ध फर्मान काढले.

खरी गाठ नंतर पडली. सतराव्या शतकापर्यंत प्रत्येक स्वरचिन्ह निम्म्याने विभागायचे, हा नियम पक्का झाला. तीन भागांच्या टाळीला स्वतःचे चिन्ह उरले नाही. चतुर्थांशाला टिंब जोडून ती लिहावी लागते. खालच्या आकड्यात टिंबाला जागा नाही! म्हणून टाळ्या सोडून त्यांचे तुकडेच मोजले आणि दोनऐवजी सहा लिहिले. माझ्या मते 'संयुक्त'पणा कानात नाही, कागदावर आहे.

वर्गात ऐकवायला लिओनार्ड बर्नस्टाइनचे 'अमेरिका' (१९५७) घ्यावे. त्यात ६/८ आणि ३/४ आलटून पालटून येतात: अष्टमांश सहाच, टाळ्या एकदा दोन, एकदा तीन.