जुन्या जीपची तेलगळती : थेंब पडतो तेथे दोष नसतो

इंदूरच्या पलासिया चौकातून जाणारा जुना आग्रा-मुंबई मार्ग राऊ आणि महू ओलांडून मानपूरपुढे विंध्याचा घाट उतरतो. पातालपाणीचा धबधबा आणि जानापावचा डोंगर याच बाजूला असल्याने जुनी महिंद्रा जीप किंवा मारुती जिप्सी बाळगणाऱ्या हौशी मंडळींना कच्च्या वाटांसाठी दूर जावे लागत नाही. अशी गाडी रात्रभर फरशीवर उभी राहिली की सकाळी खाली काळा डाग दिसतो. हा डाग पाहून बहुतेक वेळा एकच निदान केले जाते : इंजिनाचे मागचे सील, म्हणजे रिअर मेन सील, गेले. मग गिअरबॉक्स उतरवला जातो, क्लच सुटा होतो, सील बदलले जाते आणि आठवड्याभरात डाग पुन्हा उमटतो. सील मुळात शाबूतच असते. दोष वर कुठेतरी असतो आणि तेथे कोणी पाहिलेलेच नसते.

गळतीचे तेल जेथून सुटते तेथेच टपकते असे नाही. ते ब्लॉकच्या अंगावरून खाली ओघळते, चालत्या गाडीत पंख्याच्या व वाऱ्याच्या झोताने मागे सरकते, चेंबरच्या कडेकडेने वाट काढते आणि सर्वांत खालच्या टोकाला पोहोचल्यावर थेंब होऊन पडते. हे टोक बहुधा बेल हाउसिंगजवळ असते. त्यामुळे शोध थेंबापासून सुरू झाला तरी तो वर आणि पुढच्या दिशेने चालवावा लागतो. ओल्या भागातील सर्वांत उंच आणि सर्वांत पुढचा बिंदू हाच पहिला संशयित.

त्याआधी द्रव ओळखणे आवश्यक आहे. गाडीखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवला तर डागाची जागा आणि रंग दोन्ही कळतात. इंजिन ऑइल वापरानंतर तपकिरी होते, डिझेल इंजिनात तर काळेकुट्ट. गिअर ऑइल अधिक दाट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. विलिस पठडीच्या जीपमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला लागूनच असते, त्यामुळे तेथील गळती इंजिनाच्या नावावर खपण्याचा संभव मोठा. जिप्सीत ती वेगळी, आखूड शाफ्टने जोडलेली असते आणि डागांची सरमिसळ थोडी कमी होते.

पुढची पायरी धुण्याची, आणि नेमकी तीच टाळली जाते. माळव्यातील बारीक धूळ तेलावर बसून जाड थर करते. या थराखाली दहा वर्षांपूर्वीची गळती आणि कालची गळती सारखीच दिसते. गोव्यात अडचण उलटी असते. पावसाळ्यात चिखल-पाण्याने ताजा ओघळ धुऊन जातो किंवा इतका पसरतो की उगम हरवतो. दोन्हीकडे उपाय एकच : थंड इंजिन डिग्रीझरने स्वच्छ करणे. डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर आणि अल्टरनेटर प्लॅस्टिकने झाकावेत. पाण्याचा जोरदार फवारा थेट सीलवर मारू नये. इंजिन सुकले की संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. गाडी प्रथम 15 मिनिटे उभ्या जागी चालवावी आणि टॉर्चने पाहावे. मग 10-15 किलोमीटर फिरवून पुन्हा पाहावे, कारण काही गळत्या तेल तापून पातळ झाल्यावर आणि दाब वाढल्यावरच उघड होतात. एवढ्याने भागले नाही तर तेलात फ्लुरोसंट रंग घालून अतिनील टॉर्चखाली शोध घेता येतो. पावडरीने काम होत असेल तर हा खर्च अनाठायी आहे.

कोठे पाहायचे हे इंजिनावर ठरते. महिंद्राने 1947 मध्ये विलिस जीप भारतात आणली. पुढे दीर्घकाळ चाललेल्या पेट्रोल जीपमध्ये 2.2 लिटरचे हरिकेन इंजिन होते. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, अशी विभागणी आहे. साहजिकच झाकणे दोन : एक वर, दुसरे ब्लॉकच्या कुशीत, मॅनिफोल्डखाली. वरचे झाकण सर्वांना दिसते, बाजूचे सहसा कोणी पाहत नाही, आणि त्याचे गॅस्केट वाळले की तेल गुपचूप मागे ओघळते. 1985 मध्ये आलेल्या जिप्सीची गोष्ट निराळी. कार्ब्युरेटरच्या जिप्सीत डिस्ट्रिब्युटर हेडच्या मागच्या टोकाला, कॅमशाफ्टवर बसतो. त्याच्या बैठकीतील रबरी रिंग कडक झाली की तेल हेडच्या पाठीवरून थेट बेल हाउसिंगवर उतरते आणि रिअर मेन सील गेल्याचा हुबेहूब आभास निर्माण करते. काही रुपयांची रिंग न पाहता गिअरबॉक्स उतरवण्याचे हे ठळक उदाहरण. टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक आणि चेंबरच्या नटाखालचा वॉशर याही जागा हात फिरवून तपासाव्यात. पुढच्या बाजूला क्रँक पुलीमागचे सील असते. तेथून सुटलेले तेल पुलीच्या फिरण्याने गोलाकार उडालेले दिसते.

एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओल दिसली, तर गॅस्केटांना दोष देण्यापूर्वी ब्रीदर पाहावा. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू क्रँककेसमध्ये उतरतच असतो. तो ब्रीदरच्या नळीवाटे बाहेर पडावा अशी योजना असते. नळी चिखलाने किंवा जुन्या तेलाच्या गाळाने बुजली, अथवा पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकला, की आत दाब साचतो आणि तो जो सांधा सर्वांत कमकुवत असेल तेथून तेल ढकलतो. तो सांधा बदलला की पुढच्या कमकुवत सांध्याची पाळी. नवे गॅस्केट महिनाभरात गळू लागले अशी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे अनेकदा हेच असते. इंजिन संथ चालू असताना तेल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. हलकी फुंकर स्वाभाविक. धुराचा जोरदार भपकारा निघाला तर ब्रीदर बंद आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. ब्रीदर साफ करूनही भपकारा राहिला तर कॉम्प्रेशन तपासावे. रिंगा संपलेल्या इंजिनाला सील घालीत राहणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडी मांडणे. गरजेपेक्षा जास्त भरलेले तेलही असाच त्रास देते. डिपस्टिकवरील वरची खूण ओलांडू नये.

हे सारे निर्दोष ठरले आणि बेल हाउसिंगच्या तळातील छिद्रातून इंजिन ऑइलच टपकत असेल, तरच रिअर मेन सीलकडे वळावे. क्लच घसरू लागला असेल तर विलंब करू नये, कारण तेलाने भिजलेली क्लच प्लेट सहसा वाचत नाही. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर गिअरबॉक्सचे पुढचे सील आणि क्लच प्लेट यांची पाहणी त्याच वेळी करणे शहाणपणाचे, कारण मजुरी दोनदा द्यावी लागत नाही. बुचाच्या गॅस्केटवर पाना जोरात आवळण्याची सवय मात्र घातक. पत्र्याच्या कव्हरची कड वाकते आणि गळती वाढते. कड सपाट पृष्ठावर ठोकून सरळ करावी, मगच नवे गॅस्केट बसवावे. सिलिकॉन सढळ हाताने लावले की आत सुटलेले तुकडे चेंबरमधील तेलाच्या जाळीत अडकतात आणि गळती थांबवता थांबवता इंजिनाचे तेलच तुटते.

एक थेंब म्हणजे साधारण 0.05 मिलिलिटर. दर 10 सेकंदांना एक थेंब पडला तर तासाला सुमारे 18 मिलिलिटर तेल जाते. पलासियाच्या फरशीवर हा केवळ डाग असतो; तेच तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर धूर आणि आगीचा धोका. गोव्यात आणखी एक बाजू आहे. कुळेहून दूधसागरकडे जाणाऱ्या जीपगाड्या भगवान महावीर अभयारण्यातून ओहोळांच्या पाण्यात उतरून जातात. तेथे इंजिनाखालचे तेल फरशीवर साठत नाही, प्रवाहात मिसळते. दूधसागर नदीचे पाणी पुढे खांडेपार नदीत जाते आणि ओपा येथील जलशुद्धीकरण प्रकल्प याच खांडेपारवर आहे. वापरलेले तेल 2016 च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येते. धुताना निघालेले तेल आणि तेलकट चिंध्या गटारात न सोडता वेगळ्या डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्याव्यात. पाण्यात उतरण्यापूर्वी डिपस्टिक पुसून पातळी नोंदवावी, परतल्यावर इंजिन थंड झाल्यावर सपाट जागी पुन्हा पाहावी.