ज्या मृत्युपत्रात झेविअरचे नाव नव्हते

संत फ्रान्सिस झेविअर यांचे पार्थिव जुन्या गोव्यात आहे आणि त्यांच्या नावाची विद्यालये आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. मुंबईचे सेंट झेविअर्स महाविद्यालय तर १८६९ सालचे. त्याच संताच्या नावाचे एक विद्यापीठ अमेरिकेच्या दक्षिण भागात, लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात आहे. गोऱ्यांच्या महाविद्यालयांची दारे बंद होती, त्या काळात कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या सुमारे शंभर उच्च शिक्षणसंस्था आज अमेरिकेत आहेत. त्यांपैकी कॅथलिक अशी ही एकमेव.

संस्था पैशाच्या बळावर वाढते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. झेविअर विद्यापीठाचा इतिहास वाचताना हा समज तपासून पाहावा लागतो. या विद्यापीठाच्या जन्मामागे अमाप संपत्ती होती हे खरे; परंतु त्याच्या वाढीचा मोठा काळ ती संपत्ती हातची गेल्यानंतरचा आहे.

फिलाडेल्फियाचे धनाढ्य बँकर फ्रान्सिस अँथनी ड्रेक्सेल १८८५ मध्ये निवर्तले. मागे एलिझाबेथ, कॅथरिन आणि लुईझ या तीन कन्या आणि सुमारे १ कोटी ५५ लाख डॉलरची मालमत्ता होती. मालमत्तेचा दहावा हिस्सा त्यांनी तत्काळ धर्मादाय संस्थांना दिला आणि उरलेली रक्कम विश्वस्तनिधीत गुंतवली. मुलींना मिळायचे ते केवळ उत्पन्न. पैशाच्या लोभाने कोणी त्यांच्याशी विवाह करू नये, ही पित्याची काळजी त्यामागे होती. तिन्ही मुली निपुत्रिक वारल्या, तर मूळ रक्कम मृत्युपत्रात नमूद केलेल्या संस्थांना वाटली जावी, असेही त्यात लिहिले होते.

कॅथरिन यांचे मन आदिवासी इंडियन आणि कृष्णवर्णीय यांच्या दैन्याकडे ओढले गेले. १८८७ मध्ये रोम येथे पोप तेरावे लिओ यांची भेट झाली, तेव्हा त्यांनी या लोकांसाठी मिशनरी पाठवावेत अशी विनंती केली. तू स्वतःच मिशनरी का होत नाहीस, असा प्रतिप्रश्न पोपमहोदयांनी केला. १८९१ मध्ये त्यांनी व्रते घेतली आणि परमपवित्र साक्रामेंताच्या धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. पुढील सहा दशकांत आपल्या वाट्याचे सुमारे २ कोटी डॉलर त्यांनी मिशन व शाळांवर खर्च केले. स्वतः मात्र दारिद्र्याचे व्रत अक्षरशः पाळले.

न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रेंच राजवटीपासून कृष्णवर्णीय कॅथलिकांची मोठी वस्ती होती. सरकारी सदर्न विद्यापीठ १९१४ मध्ये शहराबाहेर हलवण्यात आले आणि तेथील तरुणांना शहरात सरकारी उच्च शिक्षणाची सोय उरली नाही. आर्चबिशप ब्लेंक यांच्या विनंतीवरून मदर कॅथरिन यांनी मॅगझिन स्ट्रीटवरील ती रिकामी वास्तू विकत घेतली आणि १९१५ मध्ये तेथे माध्यमिक शाळा सुरू केली. १९१७ मध्ये अध्यापन विद्यालय निघाले, १९२५ मध्ये कला व विज्ञान महाविद्यालय आणि १९२७ मध्ये औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय. १९३२ मध्ये गर्ट टाउन भागात नव्या दगडी इमारतीचे उद्घाटन झाले. शिक्षकाची नोकरी एवढीच तेव्हा शिकलेल्या कृष्णवर्णीयांच्या आवाक्यातली वाट मानली जाई. अशा वेळी औषधनिर्माणशास्त्राची निवड करणे म्हणजे पुढील पिढ्यांचा विचार करणे होते.

३ मार्च १९५५ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी मदर कॅथरिन यांचे निधन झाले. त्यांच्या दोन्ही भगिनी आधीच, १८९० व १९४३ मध्ये, निपुत्रिक वारल्या होत्या. पित्याच्या मृत्युपत्रातील अट त्याच दिवशी लागू झाली. मूळ रक्कम यादीतील संस्थांमध्ये वाटली गेली. परंतु धर्मभगिनींचा संघ १८९१ चा आणि मृत्युपत्र त्याआधीचे. त्यामुळे यादीत ना या संघाचे नाव होते, ना झेविअरचे. संस्थापिकेबरोबर तिचे उत्पन्नही संपले.

विद्यापीठ बंद पडले नाही, याचे कारण तोवर घडलेल्या माणसांत सापडते. धर्मभगिनी वेतन न घेता शिकवीत राहिल्या. आणि १९६८ मध्ये त्यांनी एका माजी विद्यार्थ्याच्या हाती संस्था सोपवली. नॉर्मन फ्रान्सिस हे एका केशकर्तनकाराचे पुत्र. झेविअरमधून पदवी घेऊन ते लोयोला विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर झाले. १९६१ मध्ये वंशभेदाविरुद्ध बसने निघालेल्या सत्याग्रहींवर अलाबामात हल्ले झाले, तेव्हा त्यांनी या सत्याग्रहींना झेविअरच्या वसतिगृहात आश्रय दिला. ते पहिले प्रापंचिक आणि पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष ठरले. हे पद त्यांनी स्वीकारले, त्याच दिवशी, ४ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. १९७० मध्ये धर्मभगिनींनी कारभार प्रापंचिक व व्रतस्थ यांच्या संयुक्त मंडळाकडे दिला. फ्रान्सिस ४७ वर्षे, २०१५ पर्यंत, अध्यक्षपदी होते.

या काळात झेविअरने विज्ञानशिक्षणावर भर दिला. निकृष्ट शाळांतून आलेल्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग घेतले, गटाने अभ्यास करण्याची सवय लावली, मागे पडणाऱ्याला नावानिशी हाक मारून पुढे आणले. चार हजारांच्या आतबाहेर विद्यार्थिसंख्या असलेले हे विद्यापीठ वैद्यकीय महाविद्यालयांत जाणाऱ्या कृष्णवर्णीय पदवीधरांच्या संख्येत अनेक वर्षे देशात अग्रस्थानी राहिले.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ आले, बंधारे फुटले आणि इमारतींचे तळमजले पाण्याखाली गेले. जानेवारी २००६ मध्ये वर्ग पुन्हा भरले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी परतले होते. दोन सत्रे ऑगस्टपर्यंत आटोपून त्याच वर्षीच्या तुकडीला पदव्या देण्यात आल्या. पुनर्बांधणीसाठी केंद्र सरकारकडून मोठे कर्ज घ्यावे लागले. ते २०१८ मध्ये माफ झाले.

आता या विद्यापीठाने सर्वांत मोठी योजना हाती घेतली आहे, ती स्वतःच्या वैद्यकीय महाविद्यालयाची. शहरातील ऑक्सनर या रुग्णालयसमूहाशी २०२४ मध्ये त्यासाठी करार झाला. या योजनेमागे एक जुनी जखम आहे. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाचा अहवाल लिहिला. कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी दोनच टिकवण्याजोगी आहेत, असे त्यांचे मत पडले. उरलेली पाच काही वर्षांत बंद झाली. त्यांपैकी एक न्यू ऑर्लिन्समधील फ्लिंट वैद्यकीय महाविद्यालय होते. ते १९११ मध्ये बंद पडले. अमेरिकेच्या लोकसंख्येत शंभरात सुमारे तेरा जण कृष्णवर्णीय आहेत, पण डॉक्टरांमध्ये त्यांचे प्रमाण शंभरात पाच-सहाच आहे.

ही योजना सोपी नाही. वैद्यकीय महाविद्यालयास अफाट खर्च लागतो, नामवंत अध्यापक लागतात, मान्यतेच्या कठोर पायऱ्या चढाव्या लागतात. धनाढ्य विद्यापीठांजवळ असतो तसा मोठा कायम निधी झेविअरजवळ नाही. पण १९५५ मध्ये तरी त्याच्याजवळ काय होते? जी दुसऱ्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी इतकी वर्षे विद्यार्थी घडवीत आली, त्या संस्थेने आता त्यांच्यासाठी स्वतःचे दार उघडावे, हे तिच्या इतिहासाला धरूनच आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ ऑक्टोबर २००० रोजी मदर कॅथरिन यांना संतपद दिले. त्यांच्या संघातील भगिनींची संख्या आता बरीच घटली आहे. फिलाडेल्फियाजवळचे मूळ मठगृह त्यांनी विक्रीस काढले आणि २०१८ मध्ये संत कॅथरिन यांचे अवशेष शहरातील कॅथेड्रलमध्ये नेण्यात आले. ज्या घरातून हे कार्य सुरू झाले, ते घरही भगिनींनी हातचे सोडले. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र दरवर्षी नवे विद्यार्थी येत आहेत. त्यांतील किती जणांना त्या मृत्युपत्राची हकिकत ठाऊक असेल, सांगता येत नाही. पण त्यांना घडवणारे अध्यापक, आणि त्या अध्यापकांना घडवणारे त्यांचे अध्यापक, याच विद्यापीठाच्या परंपरेतले आहेत. आणि हा वारसा कोणत्याही विश्वस्तनिधीत जमा नव्हता.