भीतीला सामोरे जायचे म्हणजे नेमके काय करायचे?

'कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा' हे वाक्य रोज कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये ऐकू येते. पण बाहेर पडायचे म्हणजे काय करायचे, किती करायचे आणि कुठे थांबायचे, हे त्यात क्वचितच सांगितलेले असते. मानसशास्त्राने मात्र गेल्या शंभर वर्षांत याची बऱ्यापैकी ठोस उत्तरे शोधली आहेत. ती समजून घ्यायला एका लाजाळू तरुणाचा प्रयोग उपयोगी पडतो.

बागेतला बाक आणि एका मिनिटाचा नियम

अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) हे पुढे विसाव्या शतकातले नावाजलेले मानसोपचारतज्ज्ञ झाले. पण १९ वर्षांचे असताना त्यांना दोन गोष्टींची जबर भीती होती: चारचौघांत भाषण करणे आणि अनोळखी मुलींशी बोलणे. भाषणाची भीती त्यांनी पुन्हा पुन्हा भाषणे करूनच घालवली. मग दुसरी भीती हाती घेतली.

१९३३ च्या उन्हाळ्यात ते न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात रोज जाऊ लागले. बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की त्याच बाकावर जाऊन बसायचे आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची, हा त्यांचा नियम. एलिस यांनी नंतर सांगितले त्यानुसार, महिनाभरात ते अशा १३० स्त्रियांच्या शेजारी बसले. त्यांपैकी ३० जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी ते बोलले. फक्त एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही!

वरवर पाहता हे पूर्ण अपयश. पण एलिस यांचा निष्कर्ष वेगळा होता. नकार मिळाला, तरी आभाळ कोसळले नाही. ज्या गोष्टीला ते इतकी वर्षे घाबरत होते, ती सहन करता येते हे त्यांना शंभर वेळा कळले आणि भीती ओसरली. म्हणजे भीतीला सामोरे जाण्याचे यश समोरच्याच्या होकारावर अवलंबून नसते. नकार आला तरी आपण निभावून नेतो, हे अनुभवाने कळणे महत्त्वाचे.

ही कल्पना आली कुठून?

एलिस यांनी जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांबद्दल वाचले होते. त्याच परंपरेत मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या लहान मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. पीटर सशाला घाबरत असे. जोन्स यांनी तो आवडीचे खात असताना ससा आधी दूर ठेवला आणि दर वेळी थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला.

आज मानसोपचारात 'एक्स्पोजर थेरपी' म्हणतात ती पद्धत याच दिशेने विकसित झाली.

टाळले की भीती का वाढते?

समजा, तुम्हाला ऑफिसच्या बैठकीत बोलायची भीती वाटते. आज तब्येतीचे कारण सांगून तुम्ही बैठक टाळली. लगेच हायसे वाटते. हे हायसे वाटणे म्हणजेच मेंदूला मिळालेले बक्षीस. त्यातून मेंदू शिकतो, 'टाळले म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी टाळण्याची इच्छा आणखी जोर धरते. शिवाय बोलल्यावर खरेच काय झाले असते, हे कळण्याची संधीही जाते.

याउलट, भीती वाटत असतानाही तिथे थांबलो, की वाटले होते तेवढे वाईट काही घडत नाही, हे मेंदू नव्याने शिकतो. जुनी भीती यामुळे पुसली जात नाही, तिच्या जोडीला एक नवी आठवण तयार होते. म्हणूनच बऱ्याच काळाने भीती परत डोकावली, तर सगळे फुकट गेले असे समजू नये. सराव पुन्हा सुरू करावा.

भीतीची शिडी कशी बनवाल?

१. भीती नेमक्या शब्दांत लिहा. 'मला आत्मविश्वास नाही' हे फार मोघम झाले. 'बैठकीत बोलताना अडखळेन आणि सगळे हसतील' हे नेमके झाले.

२. सोप्याकडून अवघडाकडे पाच-सहा पायऱ्या लिहा. उदाहरणार्थ: बैठकीत एक प्रश्न विचारणे, सहकाऱ्याच्या मुद्द्यात भर घालणे, दोन मिनिटे माहिती देणे, सोसायटीच्या सभेत मत मांडणे, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करणे.

३. प्रत्येक पायरीआधी 'काय होईल असे वाटते' ते लिहा, नंतर 'खरे काय झाले' तेही लिहा. या दोन्हींमधला फरकच तुम्हाला शिकवतो.

४. एकच पायरी अनेकदा करा. एकदा धाडस करून महिनाभर गप्प बसण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा केलेला छोटा सराव जास्त कामाचा.

५. कुबड्या हळूहळू सोडा. मोबाईलमध्ये डोके घालून बसणे किंवा प्रत्येक वाक्य कागदावरून वाचणे यामुळे वेळ निभावते, पण 'कागद होता म्हणून जमले' असेच मनाला वाटत राहते.

प्रत्येक भीतीशी झुंजायचे नसते

पुरात भरलेल्या ओढ्यातून गाडी घालायची भीती वाटणे हे शहाणपण आहे. खऱ्या धोक्यापासून वाचवणारी भीती जपायलाच हवी. स्वतःला एक प्रश्न विचारा: इथे जीव, आरोग्य किंवा कष्टाचा पैसा पणाला लागतोय, की फक्त 'लोक काय म्हणतील'? दुसरे असेल, तर शिडी कामाची.

तसेच पॅनिक अटॅक येत असतील, जुन्या आघाताच्या आठवणी छळत असतील किंवा भीतीमुळे घराबाहेर पडणेच थांबले असेल, तर एकट्याने प्रयोग करू नका. तज्ज्ञांच्या मदतीने करा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

मराठीत पुढे वाचायचे असेल तर

एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली उपचारपद्धती मराठीत 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून ओळखली जाते. ती महाराष्ट्रात रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. डॉ. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी एलिस यांच्या आयुष्यावरच आहे.

वाचन मात्र सरावाची जागा घेत नाही. शिडीची सगळ्यात खालची पायरी आज कागदावर लिहा आणि ती याच आठवड्यात कोणत्या दिवशी करणार, तो वारही शेजारी लिहून ठेवा.