यमुनापर्यटन : निकाल आधी, जबान्या नंतर

मराठी कादंबरीचा इतिहास बहुधा १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यमुनापर्यटन’ या पुस्तकापासून सांगितला जातो. त्याचे कर्ते बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा जन्म बेळगावचा. मराठी कादंबरीचा पहिला मान सीमाभागातील लेखकाकडे जावा, याचा अभिमान बृहन्महाराष्ट्रातील आम्हां मंडळींस वाटणे स्वाभाविक आहे. त्याच अभिमानाने आम्ही सेवानिवृत्तीनंतर हे पुस्तक सावकाश वाचावयास घेतले, आणि आमची निराशा झाली. तिचे कारण नोंदविण्याजोगे आहे.

विषयाची कल्पना खरोखर मोठी होती. यमुना ही शिकलेली तरुणी. ती आणि तिचा विचारी पती विनायक प्रवासास निघतात, आणि वाटेत ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे त्यांच्यासमोर उलगडत जातात. मराठी गद्यात तोवर भाषांतरित नीतिकथा व अद्भुत गोष्टींचेच राज्य होते. अशा काळात केशवपन झालेली, घरातच परकी झालेली स्त्री कथेच्या मध्यभागी आणणे हे धाडस होते. वेळही नेमकी होती. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा आदल्याच वर्षी, म्हणजे १८५६ साली, संमत झाला होता.

एवढे सगळे जुळून आलेले असता पुस्तक उणे कोठे पडते? सरकारी नोकरीत चौकशीचे कागद वाचण्यात आमची बरीच वर्षे गेली. ज्या प्रकरणात निकाल आधी ठरतो आणि जबान्या मागाहून घेतल्या जातात, ते कागद चाळताना लगेच ओळखू येते. ‘यमुनापर्यटना’चे नेमके तसेच झाले आहे. एकेक विधवा समोर येते, आपले दुःख सांगते आणि निघून जाते. तिचा स्वभाव, तिचा राग, तिचा हट्ट आपणांस कळतच नाही. पुढे विनायकाचा मृत्यू होतो आणि यमुनेवरच तो प्रसंग ओढवतो. आता तरी तिचे मन उघडेल अशी आशा वाटते. परंतु धर्मांतर आणि पुनर्विवाह या ठरलेल्या मुक्कामी कथा तिला झटपट पोहोचविते.

पदमनजींनी १८५४ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती व त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती. आमचा आक्षेप श्रद्धेवर नाही. प्रवचन कोणत्याही धर्माचे असो, त्यात पात्रे केवळ दाखल्यापुरती उरतात. आणि खरा पेच तर बाजूलाच राहिला. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहास वाट दिली खरी. परंतु त्याच्याच दुसऱ्या कलमान्वये पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क संपत असे. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले! अशा कात्रीत सापडलेली बाई रात्री काय विचार करीत असेल, हे सांगण्याचे काम कादंबरीचेच होते.

ते काम पुढे हरिभाऊ आपट्यांनी केले. ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ची नायिकाही यमूच आहे. हे नामसाम्य योगायोगाचे असो वा नसो, ही दुसरी यमू आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते. तिला कोणाचे म्हणणे सिद्ध करावयाचे नाही. म्हणूनच तिचे म्हणणे कोणास खोडता येत नाही.

मग पहिल्या यमुनेस अडगळीत टाकावे काय? मुळीच नाही. आपल्या घराण्यांच्या वंशावळी मोठ्या निगुतीने जपलेल्या असतात. पण त्यांत बालविधवांचा उल्लेख क्वचितच सापडतो. आत्याबाई, मावशीबाई एवढीच त्यांची ओळख उरली, नावे गेली. पदमनजींनी निकाल घाईने लिहिला हे खरे. तथापि ज्यांना कोणी बोलावलेच नव्हते, त्या साक्षीदारांना त्यांनी हाक मारली. ती हाक ऐकून आपापल्या वंशावळींतील रिकाम्या जागा भरावयास घेणे, हे काम अजून शिल्लक आहे.