ट्रॅकिओस्टोमीनंतरची गिळण्यातील अडचण

मानेच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेला छेद देऊन तेथे श्वासासाठी नळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेला ट्रॅकिओस्टोमी म्हणतात. ती झालेल्या बऱ्याच रुग्णांना घास किंवा घोट नीट गिळता येत नाही. अन्न, पाणी, स्वतःची लाळदेखील श्वासमार्गात उतरते आणि न्यूमोनियाचा धोका निर्माण होतो.

एरवी गिळताना स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, त्यावरचे झाकण कलते, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. मिटलेल्या स्वरतंतूंखाली हवेचा दाब धरलेला असतो. नळीचे तोंड उघडे असले की हा दाब टिकत नाही आणि खोकलाही दुबळा पडतो. घशातून हवा खेळत नसल्याने तेथील संवेदना बोथट होते, वास येईनासा होतो.

सगळा दोष नळीचा मात्र नव्हे. स्टीव्हन लेडर आणि डग्लस रॉस यांनी 2000 साली 20 रुग्णांचे गिळणे शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर तपासले. जवळपास सर्वांची स्थिती दोन्ही वेळा सारखीच आढळली. पक्षाघात, मेंदूला लागलेला मार, अतिदक्षता विभागात आलेली अशक्तता असा मूळ आजारच अनेकदा जास्त कारणीभूत असतो.

बऱ्याच नळ्यांभोवती श्वासनलिकेत हवेने फुगवायचा फुगा असतो. तो फुगवलेला आहे, तेव्हा भरवायला हरकत नाही, हा समज घातक आहे. फुगा स्वरतंतूंच्या खाली असतो. तिथवर पोचलेले अन्न श्वासमार्गात शिरलेलेच असते आणि फुग्याच्या कडेने खाली झिरपते. फुगा जास्त फुगवल्यास मागच्या अन्ननलिकेवर दाब येतो आणि श्वासनलिकेच्या अस्तराला इजा होते. म्हणून त्यातील दाब साधारण 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका ठेवतात.

ठसका लागला नाही म्हणजे घास सुखरूप उतरला, असेही नाही. संवेदना गेलेल्या घशात अन्न गुपचूप उतरते आणि पुढे सक्शन करताना, म्हणजे स्राव ओढून काढताना, नळीतून भाताचे शीत निघते, तेव्हा ते कळते. निळा रंग घातलेले पाणी पाजून नळीतून तो येतो का, हे पाहतात. पण रंग दिसला नाही, तर निर्धास्त होऊ नये. नाकातून दुर्बीण घालून किंवा बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांखाली केलेली तपासणी अधिक भरवशाची.

उपचारांत गिळण्याचे व्यायाम, अन्नाचा दाटपणा बदलणे आणि काटेकोर मुखस्वच्छता येते; गिळणे सुरक्षित होईपर्यंत पोषण नाकातून जठरात घातलेल्या राइल्स ट्यूबने. नळीवर बसणारी एकमार्गी झडप श्वास आत घेऊ देते आणि उच्छ्वास घशातून वळवते, त्यामुळे आवाज परततो, खोकल्याला जोर येतो. स्नायूंच्या आजारामुळे स्वतः व्हेंटिलेटरवर असलेल्या डेव्हिड म्यूर यांनी 1980च्या दशकात अशी झडप घडवली. ती बसवण्यापूर्वी फुगा पूर्ण रिकामा करावाच लागतो. नाहीतर श्वास आत जातो, बाहेर पडत नाही आणि रुग्ण गुदमरतो.

रुग्ण कितीही तहानेने व्याकूळ दिसला, तरी गिळण्याची तपासणी होईपर्यंत नातेवाइकांनी त्याला चमचाभरही पाणी पाजू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने ओल्या कापसाने ओठ आणि तोंड पुसावे.